यमूताईचे शूर शिपाई

एका जंगलात आजारी पडणं फार लाजिरवाणं समजत, बालमित्रांनो. शिंक आली तर सभ्य जनावरं झुडपामागे जाऊन शिंकत.

तिथे यमूताई नावाची रानकोंबडी राहायची. वय कोवळं, पण तोरा मोठा. आपण कधी शिंकलो नाही, हे ती न विचारता सांगायची. रोज सकाळी गुळवेलीचा कडू काढा प्यायची आणि भेटेल त्याला म्हणायची, "प्रतिकारशक्ती वाढवा!" अंगातल्या, रोगाशी लढणाऱ्या शिपायांचा तिला भारी अभिमान.

पण तिची अंडी आधी कमी झाली, मग बंदच. ऐन थंडीत अंगातून गरम वाफा निघू लागल्या. नवरा कोंबडा दौलतराव काही बोलायचे नाहीत. बोलायला शेजारच्या घोरपड आत्याबाई होत्या.

"उशिरा उठतेस, म्हणून होतं हे."

आता कोंबड्याची बायको उशिरा कशी उठणार? पण आत्याबाईंशी वाद कोण घालणार! यमूताईनं काढा दुप्पट केला.

शेवटी ती डॉक्टर साळुंकीबाईंकडे गेली. बाईंनी तपासलं, रक्त पाहिलं.

"यमू, तुझं अंडाशय वयाआधीच म्हातारं झालंय."

"शक्यच नाही! माझी प्रतिकारशक्ती..."

"तीच तर. हे शिपाई एरवी अंडाशयाची झाडलोट करतात, जखमा भरतात. वय झालं की तेही चिडखोर होतात. तुझे मात्र भर तारुण्यात बिथरले. अंडाशयालाच शत्रू समजून त्यांनी हल्ला केलाय."

"काढ्यानं झालं का हे?"

"छे! काढ्यात तेवढा दम नाही."

हे मात्र तिला फार लागलं. "थोडं तरी?"

"काडीचंही नाही. तुझी काही चूक नाही गं."

"इतका कडू काढा प्यायले आणि साधी चूकसुद्धा माझ्या नावावर नाही!" यमूताई हसली. हसता हसता रडली.

बाईंनी वाफांसाठी, हाडांसाठी औषध दिलं. अंड्यांचं वचन दिलं नाही. "एखादं होईलही. सांगता येत नाही."

घरी येऊन तिनं दौलतरावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गरम होतंय का? बस, वारा घालतो." आणि पंख हलवू लागले.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर यमूताई दगडावर चढली. उपदेश येणार म्हणून सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"मला आजार आहे," ती म्हणाली. "माझे शिपाई इतके शूर निघाले, की त्यांनी मलाच हरवलं."

कुणाला हसावं की रडावं कळेना. सगळे पांगले. मागे राहिल्या फक्त आत्याबाई. इकडेतिकडे पाहत त्या जवळ सरकल्या.

"ऐन थंडीत वाफा म्हणालीस ना? मलाही यायच्या गं, तुझ्याच वयात. कुणाला सांगितलं नाही." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "त्या साळुंकीबाई आत्ता घरी असतील का?"

तात्पर्य: आपल्या तब्येतीचा अभिमान जरूर बाळगावा. दुसऱ्यांना उपदेश करायला तो फार उपयोगी पडतो. आणखी कशाला उपयोगी पडतो, ते आम्ही आमचा काढा पिऊन झाला की सांगू.