मास्तरांच्या पँटची मागची शिवण

"रक्तातली साखर वाढलीये, रक्तदाबही वाढलाय. आणि दोन्हींचं बिऱ्हाड इथे आहे," असं म्हणून डॉक्टरबाईंनी टेलर मास्तरांच्या पोटाकडे पेन रोखलं. "गोळ्या वेळेवर घ्या. गोड बंद, मीठ बेताचं, भाज्या भरपूर, आणि जेवण झालं की चालायचं. कंबर उतरलीच पाहिजे."

मास्तर नुसते हं हं करत होते. ऐकत होती ती त्यांची बायको. घरी येताच तिने साखरेचा डबा रिकामा करून शेजारी देऊन टाकला. मास्तर म्हणाले, "अगं, तुझ्या चहापुरती तरी ठेव. तुला कुठे काय झालंय?"

"एकाच घरात तुम्ही कडू प्यायचं आणि मी गोड? माझ्या घशाखाली उतरायचा नाही तो," ती म्हणाली.

बाईला चहा लागायचा तोही पाकासारखा. पण तिने शब्द पाळला. मास्तरांनीही पाळला, आठवडाभर. मग दुकानाशेजारच्या बेकरीतून ताज्या क्रीमरोलचा वास यायला लागला, म्हणजे तो आधीही येतच होता, पण आता तो थेट मास्तरांचं नाव घेऊन यायला लागला. बेकरीवाला माणूस समजूतदार. तो मागच्या खिडकीतून रोल द्यायचा आणि वर विचारायचा, "वहिनींना कळणार नाही ना?"

व्हायचं तेच झालं. पँट आवळायला लागली. एका दुपारी बसल्याबसल्या श्वास कोंडला, तेव्हा मास्तरांनी दुकानाचा पडदा ओढला, पँट उतरवली, मागची शिवण उसवली आणि आत दुमडलेलं जास्तीचं कापड थोडं बाहेर सोडून पुन्हा टीप मारली. गिऱ्हाइकांसाठी हे काम ते डोळे मिटून करत. यात कुणाला फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं, बिचाऱ्यांना फक्त श्वास घ्यायचा होता.

संध्याकाळी घरी गेले तर बायको ओरडलीच, "अगंबाई! पँट सैल झाली की हो तुमची!"

मास्तर खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मला वाटलं होतं तुमच्याच्याने व्हायचं नाही. चुकले हो मी," ती म्हणाली. आता अशा बाईला काय सांगणार? मास्तरांनी तोंड मिटलं. मनातून मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचं त्यांच्या हातात राहिलं नाही. बायकोने ही बातमी गल्लीभर केली. पोट वाढत होतं आणि पँट त्याहून थोडी पुढे ठेवणं भाग होतं, म्हणून मास्तर पुन्हा उसवत, पुन्हा टीप मारत. गिऱ्हाइकं विचारत, "मास्तर, काय खाता हो?" मास्तर खाली बघून म्हणत, "उकडलेल्या भाज्या." ओठावरची क्रीम आधी पुसलेली असायची.

एकच भीती होती. पँट जुनी, करडी, धुऊन धुऊन विटलेली. पण आत दुमडलेलं कापड मूळच्या रंगाचंच राहिलेलं. ते बाहेर आल्यावर पाठीमागे मधोमध गडद पट्टी उठली होती. मास्तर गिऱ्हाइकांना नेहमी सांगत, "शर्ट बाहेर सोडा, कुणाच्या बापाला कळणार नाही." आता स्वतःही तेच करत होते.

असं चाललं असतं कितीही दिवस. पण डॉक्टरबाईंनी दवाखान्यात आपल्या सगळ्या साखरवाल्या पेशंटांची सभा ठेवली, आणि मास्तरांच्या बायकोने परस्पर सांगून टाकलं, "यांना बोलवा ना! यांची पँट बघा."

सभेला खोली गच्च भरली होती. निम्मी माणसं मास्तरांचीच गिऱ्हाइकं. मास्तर कसेबसे पुढे उभे राहिले, तर पहिल्या रांगेतून बायको म्हणाली, "अहो, शर्ट आत खोचा ना! पोट गेलंय ते दिसू दे की लोकांना."

"खोचा! खोचा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तरांनी घामाघूम होत शर्ट खोचला आणि झटकन पाठ भिंतीला लावली. तिथून ते हलेनात. डॉक्टरबाई म्हणाल्या, "असं करा, दिवसभरात काय खाता ते फळ्यावर लिहा." फळा त्याच भिंतीवर, मास्तरांच्या डोक्याशेजारी. मास्तरांनी तोंड लोकांकडेच ठेवून, हात वाकडा करून लिहायला सुरुवात केली. 'उकड' एवढं जमलं. 'ले' लिहिताना खडू हातातून निसटला, मास्तर तो उचलायला गर्रकन वळले आणि सगळ्या सभेला पाठ करून वाकले.

मग मागून रिटायर्ड हेडमास्तरांचा आवाज आला. "मास्तर, अशी पट्टी माझ्या पँटलापण आहे. तुम्हीच सोडून दिलीत ना?"

"माझ्यापण!" दुसरा म्हणाला.

"अहो, म्हणजे हे बारीक झाले म्हणून पँट सैल नाही झाली..."

पुढचं हशात बुडालं. तेवढ्यात डॉक्टरबाईंनी मास्तरांच्या गळ्यातली टेप काढून त्यांच्याच कंबरेला लावली. कंबर वाढली होती. भलतीच वाढली होती. "मास्तर, आमची मापं तरी खरी सांगता ना हो?" कुणीतरी ओरडलं. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "लाजून घरी बसू नका. उद्या सकाळी उपाशीपोटी या, रक्त तपासू."

मास्तरांना त्या हशाचं काही वाटलं नाही. त्यांनी पहिल्या रांगेत पाहिलं. सगळ्या खोलीत एकटी त्यांची बायको हसत नव्हती. ती मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती.

घरी जाताना ती झपाझपा पुढे आणि मास्तर खाली मान घालून मागे. मान वर केली तेव्हा तिची पाठ दिसली. ब्लाउज दोन्ही बाजूंनी ओढून, चुण्या घालून मध्ये सेफ्टी पिना लावलेल्या. एक नाही, चांगल्या तीन. मास्तर जागच्या जागी थांबले. परक्या माणसाच्या खांद्यातला सूतभर फरक लांबून ओळखणारा हा माणूस, आणि घरात बायको निम्मी होत आली तरी पत्ता नाही.

"अगं, हे कधीपासून?" घरी पोचल्यावर त्यांनी विचारलं.

"झाले असतील काही महिने. साखर सोडली, तुमच्याबरोबर भाज्या खाल्ल्या, चालले. तुम्ही दमून मध्येच बाकावर बसायचात, मी पुढे जाऊन यायचे."

"सांगायचं नाहीस का? मी टेलर आहे ना!"

"सगळीकडे तुमचं कौतुक चाललेलं. त्यात माझं कुठे मध्ये?"

मास्तर उठले, घरच्या मशीनवरचं झाकण काढलं आणि तिचे सगळे ब्लाउज मागून घेतले. तिने चहा आणून ठेवला. मास्तरांनी पहिल्यांदाच तो नीट, चव घेत प्यायला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"हे तुला आवडायला लागलंय?"

"शी! मुळीच नाही," ती म्हणाली. "रोज पिते आणि रोज वाईट लागतो."

"मग तुझ्या कपात घाल ना चमचाभर. तुझं काय अडलंय?"

"साखर आहे कुठे घरात?" बायकोने आपला कप उचलला. "तुमच्या दुकानाच्या मागच्या खिडकीत मिळते म्हणे. बेकरीवाला सांगत होता मघाशी, दवाखान्याबाहेर."

मास्तरांनी सुईत दोरा ओवायला घेतला. तो काही केल्या ओवला जाईना. शेवटी बायकोनेच ओवून दिला.