कासमभाईंचा खांब

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला आधी बाहेर काढायचं आणि मग आत घ्यायचं, असा धंदा करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांचं नाव कासमभाई. गाव दापोलीकडचं, दुकान बहरीनमध्ये मुहर्रकच्या बाजारात, आणि धंदा बंदुकांचा.

बंदुकांचा म्हटल्यावर लगेच घाबरून जाऊ नका. परवाना अरबाबाच्या, म्हणजे तिथल्या अरब मालकाच्या, नावावर होता आणि विकायला असायच्या त्या छऱ्याच्या बंदुका. दुरुस्तीला मात्र काय वाट्टेल ते यायचं. शिकारीच्या जुन्या दुनळ्या, लग्नात नाचताना मिरवायच्या चांदी मढवलेल्या लांबलचक बंदुका, कुणाच्या आजोबांचं गंजलेलं पिस्तूल. कागद बरोबर असले की कासमभाई काम हातात घेत. माझं ऑफिस त्याच गल्लीत, मालाच्या क्लिअरिंगचं. दुपारी ऑफिस चार तास बंद असायचं, आणि ते चार तास मी कासमभाईंच्या बाकावर पडीक असे.

दुकानाचा पहिला नियम उंबऱ्यावरचा. बंदूक उघडून, नळी रिकामी आहे हे दाखवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. कासमभाई गल्ल्यावरून मान वर न करता विचारत, "रिकामी?" अरब गिऱ्हाईक असलं की "फादी?" गिऱ्हाइकानं नळी मधून दुमडून दाखवली की "या, बसा," आणि लगेच चहा.

दुसरा नियमही उंबऱ्यावरचाच, पण तो डोक्यासाठी. बाकावर बसलेल्यानं राजकारणाचा र काढला रे काढला की कासमभाईंचं बोट दाराबाहेर जाई. समोर गल्लीत विजेचा एक खांब होता.

"भायेर जा. खांबाला सांग. रिकामा होऊन ये."

"अहो, पण कासमभाई, मी फक्त एवढंच म्हणत होतो..."

"ता खांबाला म्हण. चाय झाकून ठेवतो."

आणि माणसं जात! देवाशपथ सांगतो, चांगली मिशीवाली, पोरंबाळं असलेली माणसं खांबासमोर उभी राहून हातवारे करत सरकारला शिव्या घालत, घाम पुसत आणि आत येऊन गार होऊ घातलेला चहा पीत. पहिल्यांदा मला पाठवलं तेव्हा मी भयंकर चिडलो होतो. मी कराडचा शिंदे, आमच्याकडे राजकारण दुधाबरोबर पाजतात. "खांबाशी बोलायला मी वेडा आहे काय?" असं विचारलं. कासमभाई म्हणाले, "नाय. म्हणून तर सांगतो. येडा असतास तर हिथंच बोलू दिला असता." गेलो. सुरुवातीला लाजलो, मग रंगात आलो, आणि परत आलो तेव्हा खरंच हलकं वाटत होतं. पुढं तर मी न सांगताच जाऊन येऊ लागलो.

कुवेतचं युद्ध संपल्यानंतरची गोष्ट. एक कुवेती गृहस्थ वडिलांची दुनळी घेऊन आले. ती उघडून दाखवून ते बसतात न बसतात तोच दारात एक इराकी इंजिनिअर, बहरीनमध्ये बरीच वर्षं राहिलेला, त्याच्याही हातात दुनळी. सलाम होताच दोघांनी एकमेकांचे उच्चार ओळखले. कासमभाईंनी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, दोन पेले भरले, त्यांच्यावर बशा झाकल्या आणि बोट बाहेर दाखवलं. "यल्ला. पहिले तुम्ही, मग तुम्ही."

कुवेती माणूस खांबाशी बराच वेळ बोलला. त्याला बोलायला पुष्कळ होतं. इराकी दाराशी खाली मान घालून थांबला होता. त्याची पाळी आली तेव्हा तो खांबासमोर नुसता उभा राहिला, काही न बोलता. मग दोघं बाकावर बसले, आणि बघतात तर काय, दोन्ही बंदुकांचा चाप एकाच जागी अडकत होता! झालं, त्या चापावर जी चर्चा सुरू झाली ती कासमभाईंनाही आवरेना. जाताना एकाला चपला घालता याव्यात म्हणून दुसऱ्यानं त्याची बंदूक धरली. मी घरी जाऊन बायकोला हे सांगताना दोनदा उठून उभा राहिलो.

बायकोचं कासमभाईंबद्दलचं मत थोडं वेगळं होतं. तिला वाटे, या माणसाला झोप पुरत नाही. त्याचं कारण असं, की गंमत करताना कासमभाई डोळा मारायला जात आणि त्यांचे दोन्ही डोळे मिटत. एकच डोळा मिटणं त्यांना जन्मात जमलं नाही. आणि म्हणूनच बंदुकांत हयात घालवलेला हा माणूस कधी बंदूक झाडत नसे. दुरुस्ती झाली की गिऱ्हाइकाला म्हणत, "तूच मार. नेम धरणं आपलं काम नाय."

एकदा मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "ल्हानपणी मारायचो. याकूब पाठी उभा राहून माझा डावा डोळा हातानं झाकायचा."

"मग रुमाल बांधा की!"

"बांधून बघितला. दोन्ही डोळे मिटतात."

याकूब त्यांचा धाकटा भाऊ. बहरीनमध्येच रिफाला त्याचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं. मुहर्रकहून रिफा ते किती लांब, पण त्या भावाला मी कधी मुहर्रकच्या दुकानात पाहिलं नव्हतं. बाकावरच्या जुन्या मंडळींकडून हळूहळू कळलं. दोघं भाऊ एकदा एकाच वेळी रजेवर गावी गेले होते आणि नेमकी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. एक भाऊ एका पॅनेलकडून, दुसरा दुसऱ्या. शेवटच्या सभेत कासमभाई माइकवर बोलून गेले, की माझा भाऊ विकला गेलाय. निवडणूक कासमभाईंच्या पॅनेलनं जिंकली. त्यानंतर याकूबनं भावाशी बोलणं टाकलं. खांबाचा नियम त्या रजेनंतरचा.

आता त्या हिवाळ्याची गोष्ट. नव्वदच्या दशकात आपल्याकडे सरकारं पडत होती आणि निवडणुका पाठोपाठ येत होत्या. इकडे बहरीनमध्ये आम्हाला मत द्यायची सोय नव्हती, म्हणून आम्ही भांडून घेत होतो. दर हिवाळ्यात कासमभाई बुदैयाकडच्या एका बागेत रिकाम्या डब्यांवर नेमबाजी ठेवत. शुक्रवारी नमाजानंतर सगळी कोकणातली, घाटावरची माणसं जमत, बिर्याणीचा टोप येई. त्या वर्षी मात्र आमचे दोन तट पडले. आमच्या तटाचा म्होरक्या मी, समोरच्या तटाचा तावडे. हा तावडे चिपळूणचा, कंपनीची बस चालवायचा, आणि त्याच्या पक्षाइतकाच तोही हटवादी होता.

मी कासमभाईंना सांगितलं, "तावडे येणार असेल तर आम्ही नाही." तासाभरानं तावडे आला आणि माझ्यादेखत तेच बोलला. आम्हा दोघांनाही खांबाकडे पाठवण्यात आलं. एकाच वेळी! खांबाच्या दोन बाजूंना उभे राहून आम्ही एकमेकांच्या पक्षाचा उद्धार केला. परत आल्यावर कासमभाईंनी निकाल दिला.

"जोड्या पडतील. जोडीला बंदूक एकच. एकानं छर्रा भरायचा, दुसऱ्यानं मारायचं. जोडीत एक ह्याच्यातला, एक त्याच्यातला. शिंदे, तू तावडेबरोबर. खलास."

आम्ही दोघं तोंड उघडणार इतक्यात बाकावरचं एक गिऱ्हाईक सहज म्हणालं, "कासमभाई, याकूबभाईंनी दुकान विकलं म्हणे. पुढच्या बुधवारी गावी जातायत. कायमचे."

कासमभाईंच्या हातात बंदुकीची स्प्रिंग होती. ती निसटली आणि टणकन छताला लागून खाली आली. उचलायला ते वाकले नाहीत. तावडेनंच ती उचलून दिली.

थोड्या वेळानं ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी भरलेली बंदूक घरात आणली, शिंदे. आईसमोर."

मला राहवलं नाही. दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन रिफाला गेलो. याकूबभाईंचं दुकान अर्धं रिकामं झालं होतं. माझी सीट उसवलीय, असं निमित्त केलं. त्यांनी ती दाबून पाहिली.

"शिंदेसाब, सीट चांगली हाय तुमची. कशाला आलात ता सांगा."

सांगितलं. बागेचं सांगितलं, खांबाचं सांगितलं, जोड्यांचं सांगितलं, कासमभाईंना जोडीदार नाही हेही सांगितलं. याकूबभाई कातडं गुंडाळत राहिले.

"माइकवर बोलला तो. आमची आई बायकांत बसलेली. ती उठून घरी गेली, वाटेत कोणाशी बोलली नाय." मग म्हणाले, "त्याला सांगा, मला टाइम नाय."

परत येऊन मी होतं तसं सांगितलं. खोटं बोलायचं फार मनात होतं, पण कासमभाईंच्या तोंडाकडे बघून जीभ वळेना.

"बरोबर हाय त्याचं," एवढंच ते म्हणाले. आणि शुक्रवारी बंदुका गाडीत भरताना म्हणाले, "एक जास्तीची घे."

काय शुक्रवार होता तो! हवा अशी थंड की घाटावरची आठवण यावी. खजुराच्या झाडांखाली दुधाच्या पावडरचे डबे ओळीनं मांडलेले, तिकडे टोपाखाली जाळ, आणि जिकडे तिकडे एकमेकांची तोंडं न पाहणाऱ्यांच्या जोड्या एका बंदुकीला धरून उभ्या. एकमेकांशी न बोलता एका बंदुकीनं नेम मारणं किती अवघड असतं, हे त्या दिवशी कळलं. तावडेनं नळी दुमडायची, छर्रा भरायचा, आणि मी मारायचं. मी दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा तावडे दात ओठ खाऊन म्हणाला, "अहो, श्वास धरा! पक्षाचं राहू दे, निदान डबा तरी पाडा!"

श्वास धरला. चाप ओढला. डबा ठण्णकन आवाज करत उडाला! मी बंदूक टाकली आणि तावडेला कडकडून मिठी मारली. मारल्यावर लक्षात आलं की हा तावडे. पण तोवर त्यानंही मारली होती. बाजूला बघतो तर सगळीकडे हेच. कुणी नाचतोय, कुणी जोडीदाराच्या पाठीत धपाटे घालतोय, निवडणूक बिचारी कुठल्या कुठं पडलीय.

कासमभाई या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होते. पडलेले डबे उभे करत, "शाबास रे! इंशाल्ला पुढचा बी!" असं ओरडत. पण फाटकाशी गाडी वाजली की मान तिकडे वळे. भाज्यांची पिकअप आली, बर्फवाला आला, बागेच्या मालकाचा पाव्हणा आला. दर वेळी मान वळे आणि परत डब्यांकडे येई. जास्तीची बंदूक खजुराच्या झाडाला टेकवून ठेवलेली. त्यांचा जोडीदार भावाशिवाय कोण होणार? आम्ही एकदोघांनी "चला, मी तुमचा डोळा झाकतो" म्हणून बघितलं. ते हसले, डोळा मारायला गेले, आणि दोन्ही डोळे मिटले.

बिर्याणी वाढायला घेतली तेव्हा एक पांढरी पिकअप फाटकातून आत आली. मागे गुंडाळलेल्या कातड्याचा एक तुकडा हलत होता. मी ओळखली आणि तावडेचा दंड इतका जोरात दाबला की तो ओरडला.

याकूबभाई उतरले. कासमभाई हातात डबा धरून तिथंच उभे. दोघांच्या मध्ये अंगणभर अंतर आणि आम्ही सगळे हातात ताटं घेऊन थांबलेले. इतक्या वर्षांनी कासमभाईंच्या तोंडातून आला तो रोजचाच शब्द.

"रिकामी?"

"होय," याकूबभाई म्हणाले. "पहिला मुहर्रकला गेलो होतो. तुझ्या त्या खांबाला सगळं सांगून आलो. लय होतं, भाय. म्हणून उशीर झाला."

कासमभाईंनी मान हलवली. डबा त्यांनीच जाऊन ओळीत ठेवला, पुन्हा सरळ केला, झाडाला टेकवलेली बंदूक घेतली, छर्रा भरला. याकूबभाई त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि डावा हात पुढे घेऊन त्यांनी भावाचा डोळा झाकला. अगदी सवयीनं.

बराच वेळ बंदूक वाजेचना. मग वाजली. डब्याला काहीही झालं नाही. छर्रा कुठं गेला ते आजवर कुणाला माहीत नाही.

याकूबभाईंनी हात काढला, ओल्या तळव्याकडे पाहिलं आणि तो आपल्या पँटला पुसला.

"भर," ते म्हणाले. "दुसरा भर."