काशीरामबापूंचा मोर

काशीरामबापू कुणाच्याही घरी गेले की आधी बरणी बघायचे, मग माणसं. बसा म्हणायच्या आत हा धिप्पाड गृहस्थ थेट चुलीपाशी पोचलेला असे. लोणच्याच्या बरणीवर टिचकी मारायची, कान लावायचा, आणि बरणी कोरी असली तर घरच्या बाईकडे असं बघायचं की तिलाच लाज वाटावी. "नागडी बरनी घरमा ठेवतस का कोनी? आना, तिले कपडा घालूत!"

कपडा म्हणजे मोर. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल-हिरवा रंग बापू वर्षभर डब्यात जपून ठेवत. कुंचलाही बैलाच्याच शेपटीच्या केसांचा. वर तपकिरी, खाली पिवळट पांढरी अशी ती चिनी मातीची गुळगुळीत बरणी मांडीवर आडवी घेऊन ते जीभ बाहेर काढून मोर काढत. मोराचं तोंड दर वेळी निराळं. कधी बगळ्याचं, कधी चक्क बोकडाचं. पहिल्यांदा आमच्या बरणीवर काढला तेव्हा मी म्हणाले, "बापू, कोंबडी छान जमली."

"कोंबडी नई, मोर शे हाऊ! पानी पडू द्या, मंग देखा कसा नाचस."

माझे यजमान ब्राह्मणपुरीच्या शाळेत मास्तर होते. पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी नाशिककडची, जिभेने तिखट आणि स्वच्छतेच्या बाबतीत तर अगदी वेडी. माझ्या घासलेल्या भांड्यात तोंड दिसलं पाहिजे, असा माझा तोरा होता. बापूंची केळी-कापसाची चांगली शेती होती, पण राहायचे एकटे. दोन वेळा जेवायला तेवढे शेजारी भावाकडे. गावात कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की मुलगा काय करतो हे न विचारता ते विचारत, "पोरले बरनी दी ऱ्हायना ना? मन्हाकडे धाडा पहिले." सगळे हसत. मी जरा जास्तच हसायची.

एका उन्हाळ्यात कैऱ्या फोडून मीठ लावून झालं आणि आमची बरणी तडकली. शहाद्याचा बाजार चार दिवसांवर. मी डोक्याला हात लावून बसले होते, तेवढ्यात बापू आले. परिस्थिती बघून परत गेले आणि स्वतःची बरणी छातीशी धरून घेऊन आले.

"हाई ल्या, मास्तरीनबाई. कैऱ्या सडी जातीन."

गावभर मोर वाटणाऱ्या या माणसाच्या बरणीवर मोर नव्हता. एका अंगाला नुसते लाल-हिरवे फराटे. मला वाटलं, बापू हिला कुंचला पुसत असणार.

वर्षभर लोणचं पुरलं. तोंडाला बांधलेल्या दादऱ्याच्या फडक्यातून तेल झिरपून बरणी बाहेरून पार चिकट झाली होती. अशी परत कशी द्यायची? मी कढत पाणी घेतलं, सोडा घेतला, राख आणि काथ्या घेतला आणि दुपारभर घासत बसले. तेल गेलं, फराटेही गेले. बरणी आरशासारखी झाली. रिकामी देऊ नये म्हणून आत गुळाचा खडा टाकला आणि मोठ्या ऐटीत बापूंच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

बापूंनी बरणी उचलली. एकदा फिरवली. मग पुन्हा फिरवली. अंगठ्याने एक जागा हळूच चोळून पाहिली.

"मस्त चमकी ऱ्हायनी," ते म्हणाले, आणि आत गेले.

शेजारच्या ओट्यावर त्यांची भावजय, रुखमाबाई, तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. "माय वं! हाई काय करं तुम्हीन? त्यासनी बायकोना हातना मोर व्हता तो. पोळाले काढाले बठनी, आन सांजले ताप भरना. चार दिनमा गयी बिचारी."

मी तशीच आत गेले. काय बोलले ते आठवत नाही, रडले मात्र खूप. बापूच मला समजावू लागले. ती शेपटीपासून सुरू करून थांबली होती. "तोंड कसं काढती, हाई तिनी सांगं नई. म्हनीसन मी सगळास्ना बरनीवर काढी काढी देखू. तिन्हा मोर पुरा नई व्हयना, तो पुरा व्हता तं कसा दिसता, ते पाहू."

म्हणजे ज्या तोंडांना मी हसत होते, ती सगळी तिच्या मोराचं तोंड शोधत काढलेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ते जरा पुढे वाकले. "मास्तरीनबाई, तुम्हीन घासताना देखं व्हई ना? पिसं कितला व्हतात? मी रोज देखू, पन मोजात नई कधी. मी सगळाजागे तीनच काढस."

त्यांचे डोळे माझ्याकडे लागलेले. मला 'माहीत नाही' म्हणवेना.

"चार," मी म्हणाले.

"चार?" बापूंचा चेहरा उजळला. "देखा! म्हंजे मी एक चुकनू."

त्या वर्षीच्या पोळ्यानंतर बापू रंगाचा डबा घेऊन घरोघर फिरले. प्रत्येक बरणी उतरवायला लावली आणि प्रत्येक मोराला चौथं पीस काढलं. आमच्याकडेही आले. मधे बाजारातून आणलेल्या आमच्या नव्या बरणीवरचा मोर काठाला टेकलेला होता, जागाच नव्हती. तरी त्यांनी कशीबशी एक हिरवी रेघ ओढली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "असंच व्हतं ना?"

मी मान डोलावली.

पुढे आमची बदली झाली. बापू गेल्याचं पत्र आलं. अजूनही ब्राह्मणपुरीतल्या जुन्या घरांत कुठे त्या बरण्या असतील, तर त्यांवर चार पिसांचे मोर असतील. त्यातलं चौथं माझं आहे. मी काही मोजलं नव्हतं. मी खाली मान घालून नुसती घासत होते.