हवेतून अकोला

अमरावतीच्या मोटार स्टँडवर जो माणूस अकोल्याचं तिकीट फाडायचा, तोच प्रवाशाला सांगायचा की हा रस्ता चुकीचा आहे. हे आमचे राजापेठेतले शेजारी शेषराव. खिडकीतून तिकीट पुढे सरकवत ते म्हणत, "जा बाप्पा, मूर्तिजापूरवरून हिंडत जा. हवेतून पन्नास मैलबी नाही." प्रवासी बिचारा गाडी सुटेल म्हणून घाईत असायचा. हवेचं त्याने काही विचारलेलंही नसायचं.

मूर्तिजापूरवर शेषरावांचा भारी राग. त्या गावाने त्यांचं काही वाकडं केलं नव्हतं. ते फक्त वाटेत होतं. आगगाडीवरही त्यांनी काट मारली होती, कारण बडनेऱ्याला गाडी बदलावी लागते. उरलं विमान. त्यात ते जन्मात बसले नव्हते. अकोल्याला शिवणीत लढाईच्या काळातली एक धावपट्टी आहे, तिच्यावर विमानांपेक्षा शेळ्याच जास्त दिसत. पण शेषरावांचा हिशेब सरळ होता. अकोल्यात उतरायची सोय झालेली आहे, आता फक्त अमरावतीहून उडायचं बाकी आहे.

त्यांची एकुलती लेक सुमन अकोल्याला दिली होती. बायको गेल्यावर घरात ते एकटेच. लेकीकडे जाऊन बरीच वर्षं झाली होती. कुणी विचारलं, की विमान सुरू झालं म्हणजे जातो, असं ठरलेलं उत्तर येई. ज्याच्या हाताखालून रोज अकोल्याच्या गाड्या सुटतात, त्याने असं म्हणावं याचं आम्हाला हसू येई. गल्लीत त्यांना पायलट म्हणत, आणि ते ओ देत.

घरातल्या भिंतीवर शाळेतून टाकून दिलेला एक फाटका नकाशा होता. त्यावर दोरा धरून ते दोन गावांमधलं अंतर मोजत. गंमत अशी, की दर वेळी अकोला मैल-अर्धा मैल जवळ येई. मी मास्तर माणूस. एकदा न राहवून म्हणालो, शेषराव, दोरा ताणला जातोय. ते शांतपणे म्हणाले, "जवळच येऊन राहिलं ना? येऊ द्या."

बडनेऱ्याच्या पलीकडे त्यांनी विमानतळाला जागाही पाहून ठेवली होती. मला घेऊन गेले. आम्ही कुणाच्या तरी तुरीतून चालत होतो आणि शेषराव हात पसरून धावपट्टीची दिशा दाखवत होते. वावराचा मालक काठी घेऊन आला. त्यांनी त्याला इथे विमान उतरणार असल्याची खबर दिली. तो म्हणाला, उतरू द्या, पण तुरी निघाल्यावर.

मग निवडणूक आली. जीपमधून धुळीने माखून आलेल्या एका पुढाऱ्याने सभेत अमरावतीला विमानतळ द्यायचं कबूल केलं. शेषराव उठून उभे राहिले आणि विमान मधे मूर्तिजापूरला थांबणार का, असं विचारलं. पुढाऱ्याला वाटलं ही मागणीच आहे. तो म्हणाला, अवश्य थांबेल, मूर्तिजापूरकरांवर अन्याय होऊ देणार नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेषराव त्या रात्री जेवले नाहीत.

एका उन्हाळ्यात अकोल्याच्या गाडीवरच्या कंडक्टरने जावयाचा निरोप आणला. सुमन तापाने अंथरुणाला खिळली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत शेषराव मुकाट्याने चढले. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही सोबत निघालो. सगळ्या वाटेत विमानाचा शब्द नाही.

मूर्तिजापूरला गाडी थांबली तशी ते उतरून पाणपोईवर गेले आणि गडव्यावर गडवा रिचवू लागले. एवढं पाणी कशाला, म्हणून मी विचारलं आणि विचारताच उमगलं. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही चाल मलाही ठाऊक होती. सुमनला अजून मूल नव्हतं.

शेषराव तोंड पुसत म्हणाले, "मागच्या खेपेले पोरीनं पाणी आणलं. मी नाही म्हणलं. थे तिनं उचलून वापस नेलं. तवा तिचं तोंड पाह्यलं मी, मास्तर. मंग गेलोच नाही." गडवा पालथा घालत म्हणाले, "विमान असतं त वीस मिन्टात पोचलो असतो. पोरीले डोळ्यानं पाह्यलं असतं अन् तहान लागायच्या आत वापस."

गाडीने भोंगा दिला आणि आम्ही चढलो.

सुमनचा ताप त्या सकाळीच उतरला होता. पोर अगदी वाळून गेली होती. बापाला दारात पाहताच ती भिंतीला धरून उठली, पाया पडली, खाटेवर सतरंजी टाकली. मला पाणी आणून दिलं. वडिलांपुढे काही ठेवलं नाही. त्यांना नको म्हणायची पाळी येऊ नये, एवढं तीही शिकली होती. बोलणं सगळं तब्येतीचं आणि उन्हाचं चाललं होतं, आणि दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हते.

मधेच शेषराव म्हणाले, "सुमन, पाणी दे वं."

ती जागीच थांबली. "बाबा, तुमाले चालत नाही ना?"

"कोन म्हणते? दे."

तिने पेला भरून आणला. शेषरावांना तहान नव्हती, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत हळूहळू संपवला. रिकामा पेला तिच्या हातात देत म्हणाले, "लय थंड हाये. आनखी आन."

सुमन पेला घेऊन आत गेली. माठावरचं झाकण उघडल्याचा आवाज आला, पण ती बराच वेळ बाहेर आली नाही. शेषराव आतल्या दाराकडे पाहत बसून राहिले.