सॉक्रेटिसचं सुतक

पाण्याचा टँकर मागितला होता आम्ही. तुम्ही सॉक्रेटिस पाठवलात.

नाव घेत नाही तुमचं. तुम्ही कोण ते तुम्हाला ठाऊक आहे. बहात्तरच्या दिवाळीपासून आमच्या वाडीचे चार अर्ज तुमच्या टेबलावर पडून आहेत. चैत्रात एकदाचा ट्रक आला, तशा बायका हंडे घेऊन धावल्या. ट्रकमधून उतरलं एक लाकडी खोकं. गावोगाव ज्ञान पोचवायची म्हणे योजना होती. खोक्यात पेंढ्यात गुंडाळलेला एकच जाड ग्रंथ होता, ग्रीक देशातल्या शहाण्यांचा. पेंढा बैलांनी खाल्ला. ग्रंथ सहादेवाच्या वाट्याला आला.

सहादेव सातवी पास. वाडीत सलग वाचता येणारा तेवढा एकच. पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं, तिथं तो टोळीचा मुकादम. ग्रंथ हातात तोलून तो म्हणाला, "ह्यात काय हाय? आठ सांजंत पालथा घालतो."

घरी बसून पालथा घातला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण मारुतीच्या देवळातली पोथी गेल्या साली वाळवीनं खाल्ली होती आणि तेव्हापासून वाडीची संध्याकाळ रिकामी पडली होती. छबूबाई वाडीतली सगळ्यांत म्हातारी. तिनं ग्रंथाला हळदकुंकू वाहिलं आणि वाडीत उरलेला एकुलता एक नारळ त्याच्यापुढं फोडला. नारळ फुटला की पारायण सुरू झालं, आणि सुरू झालेलं पारायण अर्ध्यावर सोडता येत नाही. सहादेव अडकला.

पहिल्याच अध्यायात एक शहाणा निघाला. तो म्हणायचा, जगातली प्रत्येक वस्तू मुळात पाणीच आहे.  देवळात मागून कोणीतरी, त्याला एकदा आपल्या तलावावर टिकाव घेऊन उभा करा, असं म्हणालं. हाच शहाणा चांदण्या बघत चालताना विहिरीत पडला, हे ऐकून बायका हळहळल्या. विहिरीत पाणी होतं, या गोष्टीची हळहळ. दुसरा म्हणे, एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही. आमच्या नदीत एकदा उतरायचेच वांधे होते, त्यामुळं त्याच्यावर फारशी चर्चा झाली नाही.

चौथ्या दिवशी सॉक्रेटिस आला आणि वाडी त्याची झाली. अनवाणी फिरणारा, एका धडुत्यावर वर्ष काढणारा, आपल्याला काही कळत नाही असं उघड सांगणारा म्हातारा. असला माणूस वाडीत घरटी एक होता. फरक एवढाच, की हा मोठमोठ्यांना भर बाजारात अडवून विचारायचा, न्याय न्याय म्हणता, तो म्हणजे नेमका काय? दुसऱ्या दिवशी तलावावर हजेरी कारकून बायकांना म्हणाला, अजून खोल खणा. पाटी खाली ठेवून एकीनं विचारलं, खोल म्हणजे काय? कारकून हजेरीपट उघडून त्यात बघायला लागला. त्या दिवशी बायका महिन्यात पहिल्यांदा हसल्या.

सातव्या संध्याकाळी सॉक्रेटिस तुरुंगात होता. असल्या प्रश्नांपायी तिथल्या सरकारनं त्याला विष पिऊन मरायची शिक्षा दिली होती. त्याचा मित्र पहाटेच पोचला. पहारेकऱ्याला पैसे चारलेत, पळून चल म्हणाला. देवळातून आवाज उठला, "जा की बाबा!" सॉक्रेटिस गेला नाही. आठव्या संध्याकाळी त्यानं विषाचा पेला घेतला आणि घेताना त्याचा हातसुद्धा हलला नाही.  सहादेवानं ग्रंथ मिटला. छबूबाई पदर तोंडाला लावून बसली होती. मग उठली आणि म्हणाली, "उद्या कामाला खाडा. मानूस गेलंय."

सहादेवानं परोपरीनं सांगितलं. माणूस चोवीसशे वर्षांपूर्वी गेलाय, सातासमुद्रापलीकडं गेलाय.

"आपल्याला कवा कळलं?"

"आत्ता."

"मग कळल्यापास्नं सुतक. लांबचं म्हनून एकच दिस."

याच्यावर ग्रीक देशातल्या कुठल्याच शहाण्याकडं उत्तर नव्हतं.

आणि नेमके दुसऱ्या दिवशी कामाच्या तपासणीला तालुक्याचे साहेब आले. तलावावर माणूस नाही. अवजारांच्या राखणीला तेवढा भिमाजी बसलेला. भिमाजी आयुष्यात खोटं बोललेला नाही, तेच नडलं.

"लोक कुठं गेले?"

"गावात. सुतक हाय. सॉक्रेटिसबाबा गेले."

"कशानं?"

"इख पाजलं."

"कोणी?"

"सरकारनं."

साहेबांच्या हातातली टोपी खाली पडली. दुष्काळी कामावर एक जरी माणूस मेला तरी वरपर्यंत बोंब जायची, आणि इथं तर सरकारी विष. त्यांनी तिथल्या तिथं चिठ्ठी खरडली, ड्रायव्हरला जीप देऊन तालुक्याला पिटाळलं आणि स्वतः पायी वाडीत आले. वाडीत एक चूल पेटलेली नव्हती. बायका देवळासमोर गप्प बसलेल्या. साहेबांनी प्रेत दाखवा म्हटलं, तेव्हा सहादेवानं ग्रंथ पुढं केला.

साहेबांनी मागं वळून जीप शोधली. चिठ्ठी गेली होती, आणि वर गेलेला कागद खाली आणायची सोय तुमच्या राज्यात नाही. तालुक्याहून जिल्ह्याला गेला, जिल्ह्याहून आणखी कुठं गेला. चौथ्या दिवशी हुकूम आला. मयत इसमाची चौकशी पूर्ण होईतो तलावाचं काम बंद.

काम बंद म्हणजे तीन कोसांवर काष्टी गावाच्या बाजूला खडी फोडायला जायचं. सहादेवाच्या बायकोला, रंगुबाईला, सातवा महिना होता. पहिल्या दिवशी ती गेली आणि आली. दुसऱ्या दिवशी येताना वाटेत तीनदा बसली.

चौकशीला दोन जण येऊन गेले. मयताचं वय, जात, हजेरीपटावरचा नंबर. शेवटी साहेब स्वतः आले. तेही थकलेले होते. त्यांनी कागद आणला होता. "ह्यावर सही करा, उद्या काम सुरू." कागदावर होतं, सॉक्रेटिस अथवा तत्सम प्रश्न विचारणारा कोणीही इसम आमच्या गावी नव्हता व नाही.

सहादेवाचा हात अडला. ज्या माणसानं खोटं वागून तुरुंगाबाहेर पाऊल टाकलं नाही, जीव दिला, त्याचं आठ दिवस पारायण करून तो नव्हताच असं कसं लिहून द्यायचं? त्यानं एक दिवस मागून घेतला.

रात्री भाकरी थापता थापता रंगुबाईनं विचारलं, "त्याला बायकू हुती का?"

"हुती. तीन पोरं बी."

"इख पिऊ का, म्हून तिला इचारलं हुतं त्यानं?"

ग्रंथात होतं, शेवटच्या दिवशी बायको रडायला लागली तेव्हा त्यानं तिला घरी पाठवून दिलं. सहादेवानं चुलीत आणखी एक काटकी सारली. रंगुबाईचे पाय सुजून घोट्याला बोट लागलं तरी खळगा पडत होता. तव्यावरची भाकरी तिनं उलटली.

सकाळी त्यानं सही केली. छबूबाई म्हणाली, कागद जातोच आहे तर पाठीमागं एवढं लिही. त्यानं लिहिलं, टँकर कधी?

तलाव सुरू झाला. महिन्याभरानं तुमचं उत्तर आलं. चार अर्जांना न आलेलं, पहिलंच. ज्याअर्थी प्रश्न विचारणारा इसम आपल्या गावी नव्हता व नाही असे आपण लेखी दिले आहे, त्याअर्थी आपल्या प्रश्नास उत्तर देण्याचे कारण उरत नाही.

सहादेवानं ते देवळात वाचून दाखवलं. छबूबाईनं नीट ऐकून घेतलं आणि हे कागदांचं पारायण किती दिवसांचं आहे, एवढंच विचारलं.

रंगुबाईला मुलगी झाली. बाळंतिणीच्या न्हाण्याला पाणी दोन कोसांवरून आलं, सहादेवाच्या डोक्यावरून. ती सही त्याची होती, आमची नव्हे. त्यामुळं आम्ही बाकीचे अजून गावात आहोत आणि विचारतो आहोत. टँकर कधी? पोच नको, ग्रंथ नको. उत्तर द्या.