चिंतोपंतांच्या अंगात आलेली सापसुरळी

"सापसुरळी पळवायला काय लागतं? हात घातला, उचलली, तळ्याकाठी सोडली!" चिंतामणीने रुक्मिणीवहिनींना छातीठोकपणे सांगितलं.

वहिनींच्या घरात त्या सापसुरळीचंच राज्य होतं. त्यांचा नवरा वेणीमाधव लाकडाच्या वखारीत कामाला. सागवान आणायला मलबारच्या डोंगरात गेला आणि येताना ही चकचकीत तपकिरी बया घेऊन आला. तिकडं म्हणे जंगल इतकं दाट, की ऊन जमिनीला शिवत नाही आणि दगडसुद्धा शेवाळ पांघरून बसतात. आणि इथं सोलापूरचा वैशाख! मग तिच्यासाठी माठ, माठात ओलं शेवाळ, खिडकीला वाळ्याचा पडदा. वेणीमाधव पंखा घेऊन शेजारी!

"माझ्या बाळंतपणातसुद्धा पंख्याला हात लावला नाही ह्यांनी!" वहिनी फणकारल्या. "घेऊन जा भावोजी, सवत कुठली!"

चिंतामणीचं दुखणं वेगळं होतं. बायको प्रभा गेल्यापासून संध्याकाळी घर खायला उठायचं. गिरणीचा भोंगा झाला की वेणीमाधव बुद्धिबळाचा पट घेऊन यायचा, म्हणून तर दिवस ढकलला जायचा. आता तो येईनासा झाला. कुणासाठी? पालीच्या मावसबहिणीसाठी! चिंतामणीचा नुसता जळफळाट होत होता.

वेणीमाधव वखारीत होता. चिंतामणीने माठात हात घातला. शेपूट हाती आलं. नुसतं शेपूट! ते मुठीत वळवळायला लागलं आणि त्याची मालकीण बाहीतून थेट सदऱ्यात!

"आई गं! मेलो!" चिंतामणी अंगणात धावला आणि गरागरा घुमायला लागला. टोपी उडाली, शेंडी सुटली.

भिंतीपलीकडून शेजारच्या ईरप्पाने हे पाहिलं. "अरे, या की समदे! पंताच्या अंगात आलंय!"

बघता बघता अंगण भरलं. दूधवाल्या दगडाबाईने चिंतामणीच्या कपाळाला मूठभर कुंकू फासलं आणि पाय धरले. "देवा, माजी म्हैस सकाळपासनं न्हाय. कुटं गेली, सांग की!"

"खाली! खाली गेली!" चिंतामणी पोट धरून ओरडला.

"खालच्या वड्याला व्हय!" दगडाबाई पळाली. आणि म्हैस ओढ्यात सापडली पण! मग काय विचारता! नारळावर नारळ फुटले.

तेवढ्यात वेणीमाधव आला. रिकामा माठ पाहून त्याने हंबरडा फोडला आणि तोही चिंतामणीपुढे हात जोडून उभा राहिला. "देवा, माझी सापसुरळी कुठं आहे?"

"पाठीवर! अरे वेण्या, पाठीवर!"

गळपट्टीतून ती डोकावली. वेणीमाधवने तिला अलगद उचललं. "अगं, शेपूट कुठं तुझं?" त्याचे डोळे भरून आले. चिंतामणीने मूठ पाठीमागे नेली.

"शेपूट येईल परत," वहिनी चटकन पुढे झाल्या. "पण देवाच्या अंगावर चढलेला जीव संसारी घरात ठेवत नाहीत हो! भावोजींकडंच राहू दे तिला."

"व्हय, व्हय! पंताकडंच!" सगळं अंगण गरजलं.

माठ चिंतामणीच्या घरी आला. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि वेणीमाधव दारात हजर! चिंतामणीने सतरंजी झटकून, चहा टाकून ठेवला होता.

"झालं का जेवण?" वेणीमाधवने दारातूनच किती मायेनं विचारलं!

चिंतामणी लगबगीने पुढे आला. प्रभा गेल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं. "झालं की रे! भाकरी केली, शेंगाची चटणी होती, वर दही..."

"तुझं नाही रे," चपला काढत वेणीमाधव म्हणाला. "तिचं!"