भाईंचं पोर्तुगीज गाऱ्हाणं

शेजारच्या भाई परबांच्या विहिरीवरून रोज सकाळी ‘आंव, आंव’ असा आवाज येतो. पहिल्या दिवशी मी मांजर समजून काठी घेऊन धावले. बघते तर भाई रहाटाला टेकून उभे, डोळे मिटलेले, एक बोट नाकपुडीवर.

“भाईनू, सर्दी झाली की काय? ओव्याचो काढो आणू?”

“सर्दी नाय गो मंगल, पोर्तुगीज आसा. उच्चार नाकातसून येवक होयो.”

भाई जन्मभर वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचे. निवृत्त झाल्यावर माणसं कलमांना आळी करतात, नाहीतर भावकीच्या भांडणात नाक खुपसतात. भाईंनी गोव्याला जाऊन विद्यापीठात नाव घातलं. आधी सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, आणि मग थेट पोर्तुगीज भाषा आणि संस्कृतीत एम.ए. पहाटेची पणजी गाडी, डब्यात भाकरी आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, चटणी. वर्गातली पोरं ‘अंकल’ म्हणायची. त्यांना आठवड्याभरात ‘भाई’ म्हणायला लावलं.

आमच्या वाडीच्या डोक्याला मात्र ताप झाला. भाई मासळीबाजारात आधी ‘बों दिया’ म्हणजे सुप्रभात म्हणायचे आणि मग बांगड्याचा भाव विचारायचे. सुरंगा कोळीण म्हणाली, “खंयच्याय भाषेत इचारा, बांगडो तितक्याकच.” संस्कृतीच्या पेपरात पोर्तुगिजांच्या खारवलेल्या माशाचं मोठं कौतुक होतं. भाईंनी पुस्तक मिटलं. “आमच्या आवशीन जन्मभर मासो खारवल्यान. तिका कोणी एम.ए. दिली नाय.” कोणी काहीही बोललं की भाई आधी त्याचा उच्चार तपासणार. दूधवाल्यालासुद्धा ‘उच्चार बरो आसा तुझो’ असं शिफारसपत्र मिळायचं. मग तो बिचारा दिवसभर खूश.

संध्याकाळी त्यांच्या ओटीवर फादो लागायचा. फादो म्हणजे पोर्तुगिजांची रडवी गाणी. एकदा न राहवून मी विचारलं, “ह्यांच्यात कोण मेला काय?”

“मेला नाय गो. लांब गेला हा.”

मग मला उमगलं. भाईंचा एकुलता एक मुलगा महेश पोर्तुगालात, लिस्बनला हॉटेलात स्वयंपाकी आहे. तिथलीच मार्ता त्याची बायको आणि पाच वर्षांची इनेश ही भाईंची नात, त्यांचं लाडकं चेडू. भाईंची बायको, आमच्या काकी, गेल्यापासून घरात भाई एकटेच. व्हिडिओ कॉलवर इनेश तोंड दाखवायची, हात हलवायची आणि पळायची. थांबून करणार काय? तिला आजोबांचं कळेना, आजोबांना तिचं. लोकांना भाई सांगायचे, डोक्याला गंज चढू नये म्हणून शिकतो. मला मात्र एकदा म्हणाले, “मे महिन्यात येतली ती. मधी कोणाक न घालता तिच्याशी बोलूचा आसा माका.” एवढ्यासाठी साठी उलटलेला माणूस पहाटे एसटी धरत होता.

आता गाऱ्हाण्याचं सांगायला हवं. आमच्याकडे देवापुढे नारळ ठेवून एकजण सगळ्यांच्या वतीने मागणं मांडतो आणि जमलेल्यांनी दर मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. गावात गाऱ्हाणं घालायचा मान परबांचा. भाईंचा आवाज तर स्टँडवर कमावलेला, देवसुद्धा दचकून ऐकत असेल.

तोंडी परीक्षेला हीच सवय नडली. पोर्तुगालहून आलेल्या परीक्षक बाई गंभीरपणे प्रस्तावना करत होत्या आणि भाई हात जोडून त्यांच्या प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते. “तोंडातसून सुटला गो. घाबारलंय मी.” बाईंनी विचारलं, हे काय? भाईंनी पोर्तुगीजमध्ये समजावलं. मग तिथेच टेबलावर पाण्याची बाटली नारळासारखी उभी केली आणि पोर्तुगीजमधून गाऱ्हाणं घातलं. वर्ग पास होऊ दे, बाईंना गोव्याचा उकाडा सोसू दे. बाकांवरून पोरांनी ‘व्हय म्हाराजा’चा असा गजर केला की शेजारच्या वर्गातले बघायला आले. भाई पहिल्या वर्गात पास झाले. वाडीत घरोघरी गुळाचं खाजं वाटलं मी, त्यांनी नव्हे. कोणी पाहुणा आला की अजून सांगते, आमच्या शेजारी पोर्तुगीजचे एम.ए. राहतात. सांगताना माझी मान आपोआप ताठ होते.

मे महिन्यात इनेश आली. भाई घरापुढच्या खळ्यात इस्त्रीचा सदरा घालून उभे. पाठ केलेलं स्वागत त्यांनी स्वच्छ पोर्तुगीजमध्ये म्हटलं. पोरीने ऐकलं आणि आईच्या झग्यात तोंड लपवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. ती मांजराशी बोलली, कोंबड्यांशी बोलली, भाईंशी नाही. त्यानंतरच्या सकाळी विहिरीवरून आवाज आला नाही. मी चूल सोडून दोनदा कुंपणाशी जाऊन आले. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

त्याच दिवशी महेशच्या कुटुंबासाठी तुळशीपुढे नारळ ठेवायचा होता. आम्ही शेजारी जमलो. भाईंनी हात जोडले आणि मालवणीत न बोलता पोर्तुगीजमध्ये सुरुवात केली. महेश माझ्या कानाशी अर्थ सांगत होता. “बा देवा म्हाराजा, समुद्रापलीकडसून माझा एक माणूस घराक इला हा.” आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा. “तेका माझी भीती वाटा नये.” व्हय म्हाराजा. पुढचं महेशला सांगता येईना. तो नुसता तुळशीकडे बघत राहिला. अर्थ न कळताच आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा.

आम्ही थांबल्यावर, जरा मागाहून, मार्ताच्या झग्यामागून बारीक आवाज आला. “व्हय म्हाराजा.”

भाईंचं पुढचं वाक्य आलंच नाही. इनेश पुढे आली, त्यांच्या धोतराचा सोगा धरून उभी राहिली आणि पुढच्या वाक्याची वाट बघत त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. भाईंनी नारळ उचलला, उगाच पुसला आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

“चेडवाचो उच्चार बरो आसा गो.”